गच्चीवरच्या सौरविजेची पार्श्वभूमी: मराठवाड्यात विजेची गोष्ट पाण्याची

लातूर-नांदेडच्या नव्या वसाहतींत आणि आता तालुक्याच्या गावांतही गच्चीवर सोलर पॅनेल दिसू लागले आहेत. ताजे कारण पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे. पण ऊन, शेण, वाहते पाणी यांच्याकडून घरचे काम करून घेण्याची मराठवाड्याची धडपड जुनी आहे, आणि ती दरवेळी पाण्यापाशी येऊन अडलेली आहे.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिलेली असते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणायचे, त्याच्या धारेवर जाते फिरवायचे आणि दर्ग्यावर उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी पीठ दळायचे, अशी ती सोय. पुढे १९६८ साली पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणात साडेसात मेगावॉटचे तीन संच बसले. स्वच्छ वीज, पण धरणात पाणी असेल तेव्हाच.

घरात मात्र चूलच होती. कापूस निघाला की पऱ्हाट्या, तुरी झाल्या की तुराट्या, आणि वर्षभर गोवऱ्या. धुराने काळी झालेली भिंत आणि पदराने डोळे पुसत भाकरी थापणारी बाई, हे घरोघरचे दृश्य. त्यावर उपाय म्हणून १९८०च्या दशकात सरकारी अनुदानातून गोबरगॅस आले. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. शिवाय शेणाइतकेच पाणी कालवायला हवे. दुष्काळात जनावरे छावणीत किंवा बाजारात गेली आणि पिण्याच्या पाण्यासाठीच हंडे रांगेत लागले की गोबरगॅस बंद पडायचा. लोकांनी नीट वापरले नाही असा दोष तेव्हा सर्रास दिला गेला. तो मला अन्यायाचा वाटतो.

तारेतून येणाऱ्या विजेचेही तेच. बीड जिल्ह्यात परळीला १९७१ साली औष्णिक केंद्र सुरू झाले. १९८०च्या दशकात तिथे २१० मेगावॉटचे तीन मोठे संच उभे राहिले. कोळसा बाहेरून रेल्वेने यायचा. परळीला काम मिळाले, बाजारपेठ वाढली, आणि आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला राखही आली: पिकावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, घरात. पण कोळशावरच्या विजेला पाणी किती लागते, याकडे बराच काळ कुणाचे लक्ष गेले नाही. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद करावे लागले. २०१५ साली पुन्हा तेच झाले. पुढच्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या पाणीवापरावर मर्यादा घातली. जुन्या केंद्रांसाठी ती मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर आहे. गच्चीवरची तीन किलोवॉट क्षमतेची पॅनेल वर्षाला साधारण ४ हजार युनिट देतात. त्या मर्यादेच्या हिशेबाने तेवढी वीज कोळशावर करायला १४ हजार लिटरपर्यंत पाणी लागेल. पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर! कार्बन डायऑक्साइड वाचतो तो वर्षाला पावणेतीन-तीन टन. तो आकडाही महत्त्वाचाच, पण टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला पाण्याचा आकडा लगेच कळतो.

सौरविजेआधी घरात इन्व्हर्टर आला, तो भारनियमनामुळे. २००५ नंतरची काही वर्षे खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसे. गिरणीवर दळणाचे डबे रांगेत, पोरांचा अभ्यास कंदिलाजवळ. ज्याला परवडले त्याने बॅटरी घेतली. पण बॅटरी भरायची तीही त्याच कोळशाच्या विजेवर.

याच काळात गावांतली छपरेही बदलत होती, आणि त्यामागचे कारण दुःखाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत, अंगावर कोसळून. त्यानंतर अशा धाब्याच्या, म्हणजे माळवदाच्या घरांची लोकांनी धास्ती घेतली आणि ऐपतीप्रमाणे स्लॅब किंवा पत्रे आले. आज पॅनेलचा सांगाडा उभा राहतो तो या स्लॅबवर.

२०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि पुढच्या दशकात पॅनेलचे भाव झपाट्याने उतरले. २०१५ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. दुपारी जास्तीची वीज महावितरणच्या तारेत द्यायची, रात्री लागेल ती घ्यायची आणि बिल फरकाचे, अशी ही सोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. देशभरात १ कोटी घरांचे उद्दिष्ट, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान.

विकणारे दोन गोष्टी पुरेशा स्पष्ट सांगत नाहीत. बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेली की आपोआप बंद होते, कारण खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसता कामा नये. दुसरे, ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असे सरळ गणित नाही. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. मे महिन्यात ते साठीच्या पुढे तापते आणि उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. धूळ बसते ती वेगळीच. सकाळी पॅनेल थंड असताना ओल्या फडक्याने पुसले तर पाणी फार लागत नाही.

अडचणी कागदाच्याही आहेत. कित्येक घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. ते नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि चार भावांच्या सह्या एका कागदावर आणणे पॅनेल बसवण्याहून अवघड जाते. पत्र्याच्या घरांवरही पॅनेल बसते, मात्र खालचे लोखंड तेवढे वजन आणि वळवाचा वारा पेलेल का, हे आधी पाहावे लागते. धाब्याचे घर पडल्यावर स्लॅबपर्यंत ज्यांची ऐपत पोचली नाही, ती कुटुंबे याच पत्र्याखाली आहेत. सांगाडा मजबूत करायचा खर्चही अनुदानात धरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.