टायर दाब निरीक्षण यंत्रणा

मोटारीच्या चाकांमधील हवेच्या दाबावर गाडी चालू असताना लक्ष ठेवणारी आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की चालकाला सावध करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. बोलण्यात आणि गाड्यांच्या जाहिरातींत ती ‘टीपीएमएस’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखली जाते. चालकाला साथ देणाऱ्या आधुनिक सुविधांच्या, म्हणजे ‘एडास’च्या, गर्दीत ती मागच्या रांगेत बसते. रडार, कॅमेरा आणि आपोआप लागणारा ब्रेक यांच्यापुढे हवा कमी झाल्याचे सांगणारा चालकासमोरचा दिवा किरकोळ वाटतो. पण गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढी. ब्रेक चालकाने दाबला काय किंवा संगणकाने लावला काय, गाडी थांबते ती याच चार तळहातांच्या जोरावर.

हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १०० किमी वेगाला साध्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे मारते, म्हणजे ही दबण्याची क्रिया मिनिटाला आठशेहून अधिक वेळा घडते. वाकताना रबरात उष्णता तयार होते. टायर आतून तापत जातो, पोलादी तारांचे पट्टे आणि रबर यांची पकड सैल होते आणि शेवटी नक्षीचा थर सुटून येतो किंवा टायर फुटतो. भरलेली गाडी, वैशाखातले ऊन आणि तासन्‌तास एकाच वेगाने चालणे हे तिन्ही एकत्र आले की धोका सर्वाधिक. आपल्याकडे ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, नाहीतर टायर फुटतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि जीवावर बेतणारा आहे. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीत जो दाब छापलेला असतो, तो गार टायरसाठी असतो. चालून तापल्यावर दाब वाढणार हे धरूनच तो ठरवलेला असतो. हवा कमी केली की टायर वाचत नाही, उलट अधिक तापतो.

‘टायर फुटला’ या शब्दांत आपल्याकडे नशिबाचा भाग गृहीत धरलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाने हा समज कायद्याच्या पातळीवर खोडला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही ‘दैवी घटना’ आहे, तेव्हा भरपाई देणे लागत नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्या. शिवकुमार डिगे यांच्या एकलपीठाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी तो फेटाळला आणि सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम ठेवली. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने टायर आणि तापमान अशी टायर फुटण्याची कारणे असू शकतात, आणि निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. टायर दाब निरीक्षण यंत्रणा नेमके हेच पाहण्याचे काम गाडी धावत असताना करते.

इतिहास : प्रवासी मोटारीत ही यंत्रणा प्रथम आली ती १९८६ मध्ये, जर्मनीच्या पोर्शे ९५९ या अतिवेगवान गाडीत. पुढची बरीच वर्षे ती महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. ती सर्वसामान्य गाड्यांत आली एका मोठ्या दुर्घटना-मालिकेमुळे. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला लावलेल्या फायरस्टोन टायरचा नक्षीचा थर धावताना सुटू लागला आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. अमेरिकी सरकारी नोंदींत २७० हून अधिक मृत्यू या प्रकरणाशी जोडले गेले. दोष टायरचा की गाडीचा यावर दोन्ही कंपन्यांत जाहीर भांडण झाले, आणि त्या भांडणात एक आकडा पुन्हा पुन्हा आला : फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय (चौरस इंचावर पौंडांत मोजला जाणारा दाब) सुचवला होता, तर फायरस्टोनच्या मते तो ३० हवा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने ‘ट्रेड’ (TREAD) हा वाहन व टायर सुरक्षेचा कायदा केला आणि नव्या गाड्यांत दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचे ठरले. पहिल्या नियमात, २००२ साली, पळवाट होती. चारपैकी एकाच टायरमधील घट ओळखणारी स्वस्त यंत्रणाही त्यात चालणार होती. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये हा पर्याय रद्द झाला. नवा नियम २००५ मध्ये आला : एक, दोन, तीन किंवा चारही टायरमधील दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरला तर २० मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे. १ सप्टेंबर २००७ पासून तो तिथल्या सर्व नव्या हलक्या वाहनांना लागू झाला. पुढे तेथील वाहतूक सुरक्षा विभागाने केलेल्या पाहणीत, थेट दाब मोजणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत अतिशय कमी हवेचा टायर आढळण्याची शक्यता सुमारे ५६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीला ही यंत्रणा लागते, आणि तिथली मर्यादा अधिक कडक, २० टक्क्यांची आहे.

कार्य : यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. थेट प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा हवेच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी, अंगठ्याएवढा सेन्सर बसवतात. त्यात दाब व तापमान मोजणारी चिप, चाक फिरते आहे का हे ओळखणारा भाग, छोटा रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियमची बॅटरी असते. गाडी उभी असताना सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो. चाक फिरू लागले की तो ठरावीक वेळाने आपला ओळखक्रमांक आणि दाब कळवत राहतो. त्यासाठी अमेरिकेत ३१५ आणि युरोपात व भारतात ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वापरतात. बॅटरी आत कायमची बंद केलेली असते. साधारण पाच ते दहा वर्षांनी ती संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो.

अप्रत्यक्ष प्रकारात चाकात काहीच बसवत नाहीत. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर आधीपासून असतातच, त्यांच्याच आकड्यांवरून अंदाज बांधतात. हवा उतरली की चाक किंचित खाली बसते आणि तेवढेच अंतर कापायला इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. फरक अगदी सूक्ष्म, टक्क्याच्या अंशात मोजावा असा. चारही टायरची हवा सारखीच उतरली, तर तुलनेला काही उरत नाही. टायरमधून हवा महिन्याला साधारण एक पीएसआय या हिशेबाने आपोआप कमी होत असते, आणि ती चारही चाकांत जवळपास सारखीच होते. म्हणून पहिल्या पिढीतल्या यंत्रणा नेमक्या याच घटीपुढे आंधळ्या होत्या. नव्या पिढीत टायरच्या कंपनांचाही अभ्यास केला जातो. हवा कमी झाली की टायरची स्वाभाविक कंपनसंख्या बदलते, त्यामुळे एकेक टायर स्वतंत्रपणे तपासता येतो.

अप्रत्यक्ष यंत्रणेत एक बारकावा सांभाळावा लागतो. हवा भरल्यावर गाडीला ‘हा दाब बरोबर, हा लक्षात ठेव’ असे बटण दाबून सांगावे लागते. दिवा लागला म्हणून नुसतेच ते बटण दाबले, तर कमी झालेला दाबच ती बरोबर मानते आणि पुढे गप्प बसते. दिवा तर विझतो, पण टायर तसाच राहतो.

तो दिवा पिवळा असतो : टायर मधोमध कापल्यावर दिसेल तसा, घोड्याच्या नालेसारखा वरून उघडा आकार, बुडाशी दात आणि मध्ये उद्गारचिन्ह. तो सुरू होऊन स्थिर राहिला तर हवा कमी आहे. गाडी चालू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेतच आहे, म्हणजे एखादा सेन्सर बोलेनासा झाला आहे. हा फरक फार थोड्या चालकांना कुणी समजावून सांगते.

मर्यादा : २५ टक्क्यांचा अर्थ आकड्यात पाहावा. ३३ पीएसआय शिफारस असलेल्या गाडीत दिवा लागायला दाब पावणेपंचवीसपर्यंत उतरावा लागतो. २६ पीएसआयवर सामानासह पाच माणसे घेऊन कुटुंब नागपूरहून शिर्डीला निघाले, तरी असा दिवा बंदच राहील. ज्या गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा पडद्यावर दिसतो तिथे निदान पाहता तरी येते. जिथे फक्त दिवा आहे तिथे ‘दिवा नाही म्हणजे हवा ठीक’ हा निष्कर्ष खोटा ठरतो. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी, गाडी गार असताना, गेज लावून पाहण्याला पर्याय नाही.

थंडीच्या पहाटे दिवा लागतो आणि दुपारी आपोआप विझतो, ही तक्रार नेहमीची आहे. यात बिघाड नसतो. ऑक्टोबरच्या ३२ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर आला, तर हवा न गळताही दाब सुमारे साडेतीन पीएसआयने उतरतो. हवा आधीच थोडी कमी असेल तर तेवढ्याने मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा विझलेल्या दिव्याकडे दुर्लक्ष न करता सकाळीच हवा भरून घ्यावी. नायट्रोजन भरल्याने हे टळते असे पंपावर सांगतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापमानाबरोबर दोघांचा दाब जवळपास सारखाच बदलतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा.

चालक सहायक यंत्रणांशी संबंध : एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आले, आणि त्याच्या चाकसेन्सरवर पुढे घसरण रोखणारी स्थैर्य यंत्रणा उभी राहिली. पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारा ‘क्रूझ कंट्रोल’, आपत्कालीन ब्रेक, लेन सुटली की सावध करणारा कॅमेरा हे सारे त्यानंतरचे. भारतात २०२० नंतर, विशेषतः २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० पासून, हे मध्यम किमतीच्या गाड्यांत दिसू लागले. यातील प्रत्येक यंत्रणा टायरवर विसंबून आहे. आपोआप लागणाऱ्या ब्रेकने धोका वेळेवर ओळखला, तरी पकड टायरलाच द्यावी लागते, आणि ओल्या रस्त्यावर कमी हवेचा, गुळगुळीत टायर ती देत नाही. लेन धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत आणखी एक गुंता संभवतो. पुढच्या एका टायरची हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. यंत्रणा स्टिअरिंगला उलट दिशेने हलका हात देत राहिली, तर एरवी तळव्यांना जाणवला असता तो ओढा चालकापासून लपू शकतो. अशा गाडीत टायरच्या दाबाचा वेगळा पहारा अधिकच गरजेचा ठरतो.

भारतातील स्थिती : भारतात ही यंत्रणा सर्व मोटारींना सक्तीची नाही. जुलै २०२० मधील केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या दुरुस्तीने मात्र तिला अप्रत्यक्ष चालना दिली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर बुजवण्याचा संच आणि टायर दाब निरीक्षण यंत्रणा असेल, तर स्टेपनी देण्याची गरज उरली नाही. विजेच्या गाड्यांना बॅटरीसाठी जागा हवी होती, त्यांना ही सवलत उपयोगी पडली. टायरची कड फाटली तर मात्र संच निरुपयोगी ठरतो, हे स्टेपनी नसलेली गाडी घेताना लक्षात ठेवलेले बरे. समृद्धी महामार्गावर टायरमुळे होणाऱ्या अपघातांची चर्चा वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. अशी तपासणी नक्षीची झीज पकडते. वाटेत खिळा लागून हळूहळू उतरणारी हवा तिथे कळत नाही, ती चाकातल्या सेन्सरलाच कळते.

जुन्या गाड्यांसाठी बाजारात व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर आणि काचेजवळ ठेवायचा सौरऊर्जेवरचा छोटा पडदा असा संच मिळतो. तो उपयोगी आहे. मात्र हे सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतात, म्हणजे आटा नीट बसला नाही तर हवा तिथूनच गळते.

देखभालीचा खरा प्रश्न पंक्चरच्या दुकानात येतो. सेन्सर बाहेरून दिसत नाही. व्हॉल्व्ह धातूचा असला तर अंदाज येतो, रबराचा असला तर तोही नाही. टायर रिमपासून सोडवताना यंत्राचा दाब किंवा पहारीचे टोक व्हॉल्व्हजवळ आले की सेन्सरचे प्लास्टिक तडकते. म्हणून चाक दुकानात देतानाच ‘आत सेन्सर आहे’ असे सांगावे, आणि जाणता कारागीर पहार व्हॉल्व्हपासून दूर लावतो की नाही ते उभे राहून पाहावे. पंक्चर बुजवणारा द्रव आत सोडला असेल तर सेन्सरचे बारीक छिद्र बुजू शकते, ते पुसून घ्यावे लागते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी बसवली तर दोन धातूंमुळे गंज धरतो आणि टोपी जखडते. मग ती पकडीने पिळताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. त्या जागी साधी प्लास्टिकची टोपी चालते.