एफसिंकच्या पानावरची वाक्यं का बदलत गेली

प्रोग्रामने फाइलमध्ये काही लिहिलं की ते लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ते काही काळ मेमरीत धरून ठेवतं. 'आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव' असं त्याला बजावण्यासाठी एफसिंक हा सिस्टिम कॉल आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत तो पहिल्यांदा आला. काम एका ओळीत सांगण्यासारखं, पण लिनक्सच्या मॅन्युअलमधल्या त्याच्या पानावर बरीच डागडुजी झाली आहे.

पहिला घोळ डिस्कच्या स्वतःच्या कॅश मेमरीचा. कर्नलने डेटा सोपवला की डिस्क तो कॅशमध्येच ठेवून 'झालं' म्हणून मोकळी होऊ शकते. म्हणून जुन्या पानावर तळाशी इशारा असे: राइट कॅशिंग चालू असेल तर डेटा खरोखर डिस्कवर पोचलेला नसेलही. पुढे कर्नल ही कॅश रिकामी करवून घेऊ लागलं, तेव्हा ती गोष्ट मूळ वर्णनात गेली आणि इशारा जुन्या कर्नलपुरता आणि कमी वापरातल्या फाइल सिस्टिमपुरता (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींपुरता) उरला. मॅकओएसने वेगळी वाट धरली. तिथे साध्या एफसिंकने डिस्कची कॅश रिकामी होत नाही, त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमचं प्रमाणक तर काहीच न करणारा एफसिंकही चालवून घेतं!

२००९ मध्ये एक्स्ट४ ही लिनक्सची नवी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांच्या सेटिंगच्या फाइली मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या झालेल्या सापडू लागल्या. तिच्या आधीची एक्स्ट३ साधारण दर पाच सेकंदांनी डेटा उतरवत असे. एक्स्ट४ जागा वाटपच लांबणीवर टाकत असल्याने धोक्याचा काळ वाढला. कर्नलमध्ये तोडगा म्हणून एक पर्याय आला, पण त्या पर्यायाच्या दस्तऐवजात एफसिंक न वापरणाऱ्या ॲप्लिकेशनना सरळ 'मोडकी' म्हटलं आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण एक्स्ट३ वर हेच प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होते, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

सगळ्यात मोठा धक्का २०१८ चा. एफसिंक अयशस्वी झाला तर पुन्हा करून बघू, असं पोस्टग्रेस हा डेटाबेस गृहीत धरून होता. प्रत्यक्षात लिहिताना चूक झाली तरी कर्नल मेमरीतले ते डेटाचे तुकडे 'लिहून झाले' असं समजू शकत होतं. मग दुसरा एफसिंक यशस्वी आणि डेटा गायब. शिवाय चूक एकालाच कळवली जाई. फाइल उघडून बसलेल्या बाकीच्यांना तिचा पत्ताच नसे. हा दुसरा दोष २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून बराचसा दुरुस्त झाला होता. आता मॅन्युअलमध्ये ४.१३ चा उल्लेख करून लिहिलं आहे, की ज्यांनी तो डेटा लिहिलेला असू शकतो त्या सगळ्यांना चूक कळवली जाते.

पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा प्रयत्न करणंच सोडलं. एफसिंक फसला की सर्व्हर मुद्दाम कोसळतो आणि लॉगमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून, सावरतो. कर्नलने तो डेटा पूर्ण विसरून टाकलेला असू शकतो, म्हणून पुन्हा प्रयत्न करणं सुरक्षित नाही, हे त्यांच्या दस्तऐवजात, पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे ठरवणाऱ्या सेटिंगखाली, स्पष्ट लिहिलं आहे.