रिकाम्या चार्जरचं बटण बंद करणे

मोबाईल चार्ज करून काढून घेतला, पण चार्जर बोर्डातच आणि बटण चालू, तेव्हा तो जी थोडीफार वीज खात राहतो ती वाचवायची घरगुती सवय. अमेरिकेत सॉकेटला सहसा बटण नसतं म्हणून तिकडचा सल्ला प्लगच काढून ठेवायचा असतो, आपल्याकडे प्रत्येक पॉइंटला बटण असल्यामुळे सातारा-सांगलीच्या घरांत "बटण बंद कर की" एवढंच ऐकू येतं आणि तेवढ्यानं काम होतं.

या विचाराची सुरुवात कुणी केली यावर दोन मतं आहेत. स्वीडनचे सँडबर्ग यांनी साधारण १९९३ च्या सुमारास बंद दिसणारी उपकरणं वीज 'गळवतात' असं मांडलं होतं, पण श्रेय बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या ॲलन मायर यांना जातं, कारण स्टँडबायला (उपकरण बंद दिसतं पण थोडी वीज घेत राहतं ती अवस्था) १ वॅटची मर्यादा घाला हा प्रस्ताव त्यांचा (१९९८ च्या आसपास), आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं तो उचलला. गळती आधी सँडबर्गनी दाखवली आणि आकडा मायर यांनी दिला, असं धरणं जास्त बरोबर वाटतं. नेहमी सांगितला जाणारा 'घरातली ५ ते १० टक्के वीज' हा आकडाही याच अभ्यासांतला, पण तो प्रगत देशांतला आणि टीव्ही, म्युझिक सिस्टिम, प्रिंटर सगळं धरून आहे, नुसत्या चार्जरचा नाही, फॉरवर्ड होत होत तो चार्जरच्या डोक्यावर येऊन बसला.

चार्जरचं म्हणाल तर जुना आणि नवा यात जमीन-अस्मानाचा फरक. जुन्या जाडजूड चार्जरमध्ये लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असायचा, तो मोबाईल नसतानाही चुंबकीय होत राहायचा म्हणून हात लावला की कोमट लागायचा, एक ते तीन वॅट असेच जायचे, २ वॅट धरले तर वर्षाला साडेसतरा युनिट. आताचे हलके चार्जर स्विचिंग पद्धतीचे, लोड, म्हणजे जोडलेला मोबाईल, नसला की आतली चिप अधूनमधूनच जागी होते. युरोपात २०१० पासून लोड नसताना अर्धा वॅट, २०११ पासून छोट्या चार्जरना ०.३ आणि २०२० पासून ०.१ वॅट अशी मर्यादा उतरत गेली, अमेरिकेतही २०१६ पासून ०.१ च. ०.१ वॅटनं वर्षभर चालू ठेवला तरी एक युनिट पुरं होत नाही. रस्त्यावरच्या बिनकंपनीच्या चार्जरला हा हिशेब लावू नये.

मोजमापातही गोंधळ असतो. क्लॅम्प मीटरनं करंट बघून २३० नं गुणलं की आकडा फुगतो, कारण रिकाम्या चार्जरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खरं काम करणारा वाटा) फार खराब असतो, आणि घरगुती बिल खऱ्या वॅटचंच येतं. दुसरं म्हणजे क्लास १ (अचूकतेचा दर्जा) च्या थेट जोडलेल्या मीटरनं मोजायला सुरुवात करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मूळ करंटच्या (मीटर ज्या करंटसाठी बनवलेला असतो त्याच्या) ०.४ टक्के करंट लागला तरी चालतो, म्हणजे ५ अँपिअरच्या मीटरला २० मिलिअँपिअर, साधारण साडेचार वॅट, तेव्हा घरात दुसरं काहीच चालू नसेल तर एकटा चार्जर मीटरला दिसेलच याची खात्री नाही.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला होता की चार्जर दिवसभर बंद ठेवून वाचते तेवढी ऊर्जा गाडी एक सेकंद चालवली की संपते, आणि तो चार्जर अर्ध्या वॅटचा होता. उलट बाजूचे म्हणतात थेंबे थेंबे तळे साचे, तर तेही करून बघू: ०.१ वॅटचे एक कोटी चार्जर म्हणजे १ मेगावॅट, आणि साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या धरणावरचा कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा. बिलावर परिणाम हवा असेल तर टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स बघावा, रिमोटनं बंद केला तरी बऱ्याच जुन्या बॉक्सचा वापर फारसा उतरत नाही, ८-१० वॅट धरले तर महिन्याला ६-७ युनिट, आणि महावितरणचा १०० युनिटचा स्लॅब थोडक्यात ओलांडणाऱ्या घराला तेवढे कमी झालेले कळतात.

भारनियमनाच्या काळात सवय उलटीच होती, लाईट कधी येईल नेम नसल्यामुळे चार्जर लावून बटण चालूच ठेवून झोपायचं. वळवाच्या पावसात मात्र, एप्रिल-मेमध्ये, वीज कडाडायला लागली की बटण पुरत नाही, प्लगच काढतात, आणि ते बरोबर आहे, कारण कडाडणाऱ्या विजेमुळे तारेत येणारी दाबाची उसळी बटणाच्या छोट्या फटीतून उडी मारू शकते. वायरिंग करताना बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) लागलं असेल तर बटण बंद करूनही सॉकेटमध्ये फेज राहतो, टेस्टर लावला की पेटतो. वायरमनकडून हे बदलून घेता येतं.