निव्वळ मांसाहार व थोडक्या वेळेचा व्यायाम

धान्य, कडधान्ये, भाज्या, फळे आणि साखर सोडून फक्त प्राणिज अन्नावर राहायचे व जोडीला रोज दहा-वीस मिनिटे व्यायाम करायचा, अशी ही पद्धत. अमेरिकेत ती गेल्या दशकात ‘कार्निव्होर डाएट’ या नावाने गाजली. मराठीत मांसाहारी माणूस म्हणजे मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करणारा. इथे भाकरी तर नाहीच, पण काटेकोर मंडळींना रश्श्यातले कांदा-खोबऱ्याचे वाटणही चालत नाही. उरते मांस, चरबी आणि मीठ. काहीजण अंडी, मासे आणि लोणी घेतात.

या पद्धतीची सर्वांत जास्त सांगितली जाणारी चाचणी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात सुरू झाली. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात एस्किमोंबरोबर वर्षानुवर्षे मांस-मासळीवर राहिलेला संशोधक विल्यालमर स्टेफनसन तिथले अनुभव सांगे, पण डॉक्टरांना ते पटत नसत. तेव्हा तो आणि त्याचा मोहिमेतला सोबती कार्स्टन अँडरसन यांनी वर्षभर फक्त मांस खाऊन दाखवायचे ठरवले. देखरेख डॉ. युजीन ड्यू बॉइस यांच्या पथकाची होती आणि पैसा मांस-उद्योगाच्या संघटनेचा. सुरुवातीचे काही आठवडे दोघे रुग्णालयातच पहाऱ्यात होते, म्हणजे चोरून पाव खाण्याची सोय नव्हती.

खरी शिकवण पहिल्याच आठवड्यात मिळाली. तपासणीसाठी स्टेफनसनला मुद्दाम चरबी काढलेले मांस दिले गेले. दोन-तीन दिवसांत त्याला मळमळ आणि जुलाब सुरू झाले. मग चरबीदार मांस आणि डुकराच्या चरबीत तळलेला भेजा समोर आला, तसा तो सावरला. पुढे वर्षभर दोघांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त वाटा चरबीचा होता. नाव मांसाहाराचे असले, तरी हा मुळात चरबीचा आहार आहे. नुसत्या प्रथिनांवर माणूस फार काळ तगत नाही.

व्यायामाची बाजू मात्र लुटुपुटीची वाटते. दोघांना अधूनमधून सेंट्रल पार्कमधल्या तलावाभोवती धावायला लावत आणि नंतर नाडी व श्वास मोजत. दमसास वाढत गेला, असे स्टेफनसनने पुढे लिहिले. पण माणसे दोनच, त्यातही एकाला आपले म्हणणे खरे करून दाखवायचे होते.

आज या आहाराला जोडला जाणारा व्यायाम बहुधा छोटा आणि जोरकस असतो. खरी अडचण इथेच आहे. मांसातून कर्बोदके जवळपास मिळत नाहीत. लागणारी ग्लुकोज यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून तयार करते, बाकी इंधन चरबी आणि यकृतात चरबीपासून बनणारे कीटोन. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा उतरतो. अमेरिकी संशोधक स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये कसलेल्या पाच सायकलपटूंना चार आठवडे अत्यल्प कर्बोदकांवर ठेवले. मध्यम वेगाने दमेपर्यंत सायकल चालवण्याची त्यांची वेळ सरासरीने आधी १४७ मिनिटे होती, नंतर १५१. म्हणजे संथ आणि लांबच्या कामात तोटा झाला नाही. जोर लावायच्या कामाची गोष्ट वेगळी. पहिल्या सात-आठ सेकंदांची उडी स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट इंधनावर निभते, आणि क्रिएटिन तर मांसातच भरपूर. त्यापुढची एक-दोन मिनिटे ग्लायकोजेनच्या मदतीची. जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ मधल्या अभ्यासाने प्रसिद्ध झालेली वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांतीची आवर्तने नेमकी त्यावरच चालतात. म्हणून निव्वळ मांस खाणाऱ्याला चार-पाच जोर-बैठका किंवा जड वजनाचे मोजके उठाव सोपे जातात, तर सलग मिनिटभराची धाव जड जाते.

सुरुवातीच्या दिवसांत वजन भराभर उतरते आणि माणूस खूश होतो. त्यात बरेचसे पाणीच असते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, ते साठ्याबरोबर जाते आणि मीठही लघवीवाटे बाहेर पडते. व्यायामानंतर उठताना चक्कर येणे किंवा पोटरीत गोळा येणे ही बहुधा त्याचीच खूण. मीठ-पाणी वाढवल्यावर बहुतेकांना बरे वाटते, पण रक्तदाबाच्या रुग्णाने हा प्रयोग मनाने करू नये. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखर या आहारात अचानक उतरू शकते.

बेलव्ह्यूच्या दोघांत जीवनसत्त्वांच्या अभावाची लक्षणे दिसली नाहीत. यकृत, मूत्रपिंड असे अवयव ते खात होते. आजच्या अनुयायांपैकी बरेचजण नुसत्या स्टेकवर भागवतात, त्यामुळे त्या निकालाचा आधार त्यांना अर्धाच लागू पडतो. तंतुमय पदार्थ पूर्ण सुटतात. काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे, कोलेस्टेरॉल बरेच वाढते, आणि रोजच्या पंधरा मिनिटांच्या घामाने ते खाली येईल असे मानायला आधार नाही. कॅल्शियमचा प्रश्न तर त्या १९२८च्या ताटातही होताच. उत्तरेकडचे लोक माशांची मऊ हाडे चावून खात, रुग्णालयात वाढली जाई ती हाडे काढलेली फोड.