प्राथमिक क्रशरची निवड (दगडखाण)

सुरुंगाने सुटलेला ओबडधोबड डबर दगडखाणीत ज्या यंत्रात पहिल्यांदा फोडला जातो, त्यास प्राथमिक क्रशर म्हणतात. अर्ध्या मीटरपासून मीटरभरापर्यंतचे दगड या यंत्रात साधारणतः १०० ते २०० मिलिमीटरपर्यंत लहान होतात. पुढे दुय्यम क्रशर व चाळण्या यांतून त्यांची खडी, ग्रिट (बारीक खडी) आणि कच (दगडाची भुकटी) तयार होते. पहिल्या टप्प्यावर दगड अडकून राहिला की पुढची महागडी यंत्रे रिकामी फिरतात, त्यामुळे संपूर्ण उत्पादन साखळीची खरी क्षमता याच यंत्राने ठरते. प्रत्यक्षात मात्र यंत्राची निवड बहुधा माहितीपत्रकातील ताशी टनांच्या आकड्यावरून होते. ठाणे परिसरातील खाणींसाठी ही रीत सदोष आहे, कारण येथे टनांच्या आधी दगडाचा आकार आणि खाणीची जागा आडवी येते.

ठाणे जिल्हा आणि नवी मुंबई दख्खनच्या बेसाल्टवर वसलेली आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांचे थर एकावर एक साचून हा खडक बनला. पारसिक डोंगररांगेच्या तुर्भ्याकडील उतारांवर खडीसाठी कापलेले कडे आजही दिसतात आणि त्यांत हे थर स्पष्ट ओळखू येतात. प्रवाहाच्या गाभ्यातील घट्ट काळ्या दगडाचे संपीडन सामर्थ्य (दाब सोसण्याची ताकद) बहुधा १०० ते ३०० मेगापास्कलच्या दरम्यान असते. प्रवाहाचा वरचा भाग सच्छिद्र व तुलनेने ठिसूळ असतो आणि त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे भरलेली आढळतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबडा मातकट थर येतो, तर अगदी वर झिजलेल्या खडकाचा मुरूम असतो. एकाच खाणीच्या एकाच कड्यातून असा निरनिराळ्या जातीचा माल निघत असल्याने दगडाची चाचणी एका नमुन्यावर भागवू नये. प्रत्येक थराचा नमुना वेगळा तपासावा आणि यंत्र मात्र सर्वांत कठीण थराच्या हिशेबाने घ्यावे. बेसाल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झ (गारगोटी) फारसे नसते, म्हणून तो क्वार्ट्झाइटइतका घासत नाही. पण त्याच्या कठीणपणामुळे झिजेचा खर्च तरीही मोठा राहतो.

यानंतरचा प्रश्न यंत्राच्या तोंडाचा. आत जाणारा सर्वांत मोठा दगड तोंडाच्या रुंदीच्या सुमारे ८० टक्क्यांपेक्षा मोठा नसावा, असा सर्वमान्य संकेत आहे. जॉ क्रशरचे (एक स्थिर व एक हलता अशा दोन जबड्यांत दगड दाबून फोडणाऱ्या यंत्राचे) तोंड १००० बाय ७५० मिलिमीटर असेल, तर ७५० च्या ८० टक्के म्हणजे ६०० मिलिमीटर ही मर्यादा येते. याहून मोठा दगड जबड्यात आडवा बसतो. मग पोकलेनला बसवलेल्या ब्रेकरने (यांत्रिक हातोड्याने) तो फोडेपर्यंत सारी लाइन थांबते. दगडाचा आकार सुरुंगाच्या भोकांचा व्यास, त्यांतील अंतर आणि दारूचे प्रमाण यांवर अवलंबून असतो. मोकळ्या माळरानावरील खाणीत अंतर कमी करून व दारू वाढवून दगड बारीक काढता येतो. वस्ती अगदी डोंगराच्या पायथ्याशी आलेल्या ठाणे–नवी मुंबईच्या पट्ट्यात मात्र जमिनीचे हादरे आणि उडणारे दगड यांमुळे एका वेळी उडवायच्या दारूवर बंधन येते, मोठे दगड पुन्हा सुरुंगाने फोडणेही अडचणीचे ठरते आणि डबरात मोठ्या दगडांचे प्रमाण वाढते. टनांच्या हिशेबाने लागेल त्यापेक्षा एक पायरी मोठे तोंड घेणे येथे सहसा फायद्याचे असते. जादा किंमत एकदाच मोजावी लागते; ब्रेकरचे डिझेल आणि थांबलेली लाइन यांचा खर्च मात्र रोजचा असतो.

क्षमतेचा हिशेब खालून वर करावा. या भागात खडीचा व्यवहार ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर, सुट्या खडीचे वजन प्रति घनमीटर दीड टन धरल्यास हे साधारण सव्वाचार टन होतात. महिन्याला ५,००० ब्रासचे उद्दिष्ट असेल, तर सुमारे २१,००० टन माल हवा. महिन्यात २५ दिवस, दिवसाला ८ तास आणि त्यातील ७५ टक्के वेळच यंत्र प्रत्यक्ष चालते असे धरले, तर १५० तास हाती येतात, म्हणजे ताशी १४० टनांची गरज निघते. डंपरच्या फेऱ्या सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून यावर २० ते २५ टक्के मोकळीक ठेवून १७० टनांच्या आसपासचे यंत्र पाहावे आणि पुढे दगडाचा साठा करण्यास जागा सोडावी. पावसाळ्यात कामाचे तास घटतात, ते वर्षाच्या हिशेबात आधीच वजा करावेत.

प्रकारांचा विचार करता या पट्ट्यात प्राथमिक टप्प्यासाठी जॉ क्रशर हाच बहुतेक ठिकाणी योग्य ठरतो. अमेरिकेतील एली व्हिटनी ब्लेक यांनी १८५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रस्त्यासाठी हाताने खडी फोडण्याचे कष्ट पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. १८८१ मध्ये पेटंट मिळालेला जायरेटरी क्रशर (घोळत्या शंकूने दगड दाबणारा) सतत दगड फोडतो, पण त्याचा उंच सांगाडा, भक्कम पाया आणि मोठी किंमत ताशी हजार टनांच्या पुढे परवडते. लहान व ठरावीक मुदतीच्या खाणपट्ट्यावर तो घेण्यात अर्थ नाही. इम्पॅक्ट क्रशर (दगडावर जोराने आघात करणारा) चुनखडीसारख्या मऊ दगडासाठी उत्तम असून खडीला चौकोनी आकारही देतो. घट्ट बेसाल्टवर मात्र त्याचे ब्लो बार (आघात करणाऱ्या पट्ट्या) झपाट्याने झिजतात.

जॉ क्रशरमध्येही टॉगलच्या (हलत्या जबड्याला मागून टेकू देणाऱ्या पट्टीच्या) संख्येनुसार दोन रचना आहेत. डबल टॉगल यंत्र जड व महाग असते, परंतु अतिकठीण दगडासाठी ते टिकते आणि जबड्यांवर घासण कमी येते. सिंगल टॉगलमध्ये हलता जबडा थेट विकेंद्री दंडावर टांगलेला असतो. त्याच्या लंबवर्तुळाकार हालचालीने दगड खाली ढकलला जातो, म्हणून लहान यंत्रात जास्त माल निघतो, पण जॉ प्लेट (जबड्यांवर बसवलेल्या पोलादी पाट्या) लवकर झिजतात. खडीच्या खाणींत आज मुख्यतः सिंगल टॉगलच वापरतात. जॉ प्लेट मँगनीज पोलादाच्या असतात आणि दगडाच्या माराने त्यांचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. झीज खालच्या टोकाला अधिक होत असल्याने प्लेट उलटी फिरवून तिचे दुसरे टोक वापरता येते. खरेदीच्या वेळी ही सोय आहे का, हे अवश्य पाहावे. टॉगल प्लेट ही या यंत्राची मुद्दाम कमकुवत ठेवलेली कडी होय: पोकलेनच्या बकेटचा दात जबड्यात गेला, तर ती तुटते आणि दंड वाचतो. ती जवळपास मिळते का, ही चौकशी किमतीइतकीच महत्त्वाची आहे. खालच्या बाजूचे सेटिंग (जबड्यांमधील फट) दुय्यम क्रशरच्या तोंडाशी जुळले पाहिजे, कारण बाहेर पडणाऱ्या मालात सेटिंगच्या दीडपट ते दुप्पट आकाराचे तुकडे असतातच.

पावसाळ्यातील चिकट मुरूम व तांबडी माती जबड्यात गेल्यास खालची फट बुजते आणि माल तेथेच दाबला जातो. यावर उपाय म्हणून हॉपरच्या (दगड ओतायच्या पेटीच्या) फीडरला, म्हणजे माल पुढे सरकवणाऱ्या भागाला, ग्रिझली (गजांची चाळण) असावी. तिच्या गजांमधून माती आणि बारीक माल क्रशरला टाळून वेगळ्या वाहक पट्ट्यावर जातो. ग्रिझलीवर खर्च करण्यास अनेक मालक कचरतात आणि मग पहिल्याच पावसात कामगारांना पहारी घेऊन तोंड साफ करावे लागते. वीज अचानक गेल्यास भरलेल्या जबड्यासह यंत्र पुन्हा चालू होत नाही, दगड बाहेर काढावेच लागतात. वर सांगितलेल्या १००० बाय ७५० मिलिमीटर तोंडाच्या यंत्राला सुमारे ११० किलोवॅटची मोटर लागते, तेव्हा वीजजोडणीचा भार आधीच मंजूर करून घ्यावा.

जागेच्या बाबतीत महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती या दोन चौकटी पाळाव्या लागतात. क्रशरपासून ४० मीटरवर तरंगत्या धुळीचे प्रमाण प्रति घनमीटर ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे पर्यावरण (संरक्षण) नियमांतील मानक आहे. त्यामुळे हॉपरवरील पाण्याचे फवारे आणि वाहक पट्ट्यांचे आच्छादन यंत्राच्या किमतीतच धरावेत. खाणपट्टा लहान असेल किंवा कडा मागे सरकत असेल, तर चेनवर चालणारा क्रशर उपयोगी पडतो. डंपरची वाहतूक त्याने घटते, पण डिझेल व दुरुस्ती महाग पडते.

जुने यंत्र घेण्याची पद्धतही रूढ आहे. अशा यंत्रात रंगकामापेक्षा चौकटीच्या कोपऱ्यांतील जोडांवर भेगा आहेत का, विकेंद्री दंडाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का आणि माल नसताना चालवल्यावर बेअरिंग तापते का, हे पाहावे. जबडा आधी वेल्डिंगने दुरुस्त झालेला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी असे यंत्र प्राथमिक टप्प्यासाठी घेऊ नये.