‘दुखत नाही, म्हणजे जखम भरतेय’: मधुमेहींच्या पायाबाबत खुलासा

समज असा: जखम दुखायची थांबली की ती बरी होत आली.

निरोगी पायाबाबत हे बहुतेकदा खरं ठरतं, म्हणून समज टिकून आहे. पण बरीच वर्षं मधुमेह असेल तर पायाच्या नसा (मज्जातंतू) बोटांपासून वर निकामी होत जातात. मग वेदना थांबते ती जखम भरल्यामुळे नव्हे, तर निरोप पोचवणारी नसच बधिर झाल्यामुळे. माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, दाब पडतो, खालची ऊती मरते.

दुसरी गोष्ट कमी माहीत असते. त्वचेतल्या नसांची टोकं नुसती दुखणं कळवत नाहीत; ती रक्तवाहिन्या रुंदावणारी, पेशींना जखमेकडे बोलावणारी द्रव्यंही सोडतात. नस गेली की ही मदतही आटते.

घरी तपासायचं तर डोळे मिटून झोपा. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर तर्जनी हलकेच 1-2 सेकंद टेकवावी. दाबू नये, टोचू नये, घासू नये. दाबलं की खोलवरचा दाब जाणवतो आणि चाचणी फसते. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरा. दवाखान्यात 10 ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने खात्री करतात.

अशा पायावरची जखम, न दुखणारीसुद्धा, लगेच डॉक्टरांना दाखवा. लाली पसरली, सूज आली, वास किंवा पू आला, तर त्याच दिवशी.