आठ हजार केल्विन म्हणजे जास्त उजेड नव्हे

गाडीच्या हेडलाइटला झेनॉन बसवायचा म्हटलं की दुकानदार विचारतो, “कितीचा देऊ? त्रेचाळीसशे, सहा हजार की आठ हजार?” आकडा मोठा तेवढा उजेड जास्त, असं धरून बरेच जण आठ हजारवाला उचलतात. हा आकडा उजेडाचा नाहीच, रंगाचा आहे; तो जितका मोठा, तितका रंग निळा. झेनॉनच्या बाबतीत तर रंग निळा करत जाल तसतसा रस्त्यावर पडणारा कामाचा उजेड कमीच होतो. असं का होतं, हे त्या बल्बच्या आत डोकावल्यावर कळतं, आणि आत जे घडतं ते मला गाडीतल्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त देखणं वाटतं.

आधी केल्विन, म्हणजे तापमानाचं एकक. भट्टीतलं लोखंड तापत जातं तसं आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरं दिसतं. तापमान आणि रंग यांची ही जोडी पक्की असल्याने प्रकाशाचा रंग तापमानाच्या आकड्यात सांगता येतो. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विन, साध्या हेडलाइटमधल्या हॅलोजन बल्बची तार ३२००च्या आसपास, सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८००. हॅलोजनमध्ये तार टंगस्टनची असते आणि टंगस्टन ३६९५ केल्विनला वितळतं. तेव्हा ‘५००० केल्विन हॅलोजन’ असं छापलेला बल्ब दिसला, तर त्यातली तार तेवढी तापलेली असणं शक्यच नाही. काचेवर निळा थर दिलेला असतो. तो थर तारेतून निघालेला पिवळा-लाल प्रकाश अडवतो आणि उरलेला निळसर दिसतो. उजेड वाढत नाही, गाळला जातो.

झेनॉनच्या बल्बमध्ये तारच नसते. क्वार्ट्‌झच्या, वाटाण्याहून लहान पोकळीत टंगस्टनची दोन टोकं साधारण चार मिलिमीटर अंतरावर समोरासमोर असतात. आत दाबाखाली भरलेला झेनॉन वायू आणि चिमूटभर क्षार, मुख्यतः सोडियम आयोडाइड आणि स्कँडियम आयोडाइड. जुन्या प्रकारांत थोडा पाराही असे. स्विच दाबला की बॅलास्ट (बल्बला लागेल तशी वीज पुरवणारा डबा) २० हजार व्होल्टच्याही वरचा झटका देतो. तेवढा दिल्याशिवाय वायू वीज वाहूच देत नाही. एकदा दोन टोकांमध्ये आर्क, म्हणजे विजेची अखंड ठिणगी, पेटला, की जुन्या प्रकारात ८५ आणि पाराविरहित प्रकारात ४२ व्होल्टवर काम भागतं, आणि लागतात फक्त ३५ वॅट. ५५ वॅटचा एच-७ प्रकारचा हॅलोजन साधारण १५०० ल्युमेन (हे उजेडाचं माप) देतो, तर ३५ वॅटचा डी-२-एस प्रकारचा झेनॉन सुमारे ३२००.

यातला बहुतेक प्रकाश झेनॉन वायूचा नसतो. रात्री भिंतीसमोर झेनॉनवाली गाडी उभी करून दिवा लावून बघा. पहिल्या क्षणी भिंतीवर थंड, निळसर उजेड पडतो. तो झेनॉन वायूचा. आर्कची उष्णता पोकळीच्या तळाशी बसलेल्या क्षारांपर्यंत पोचते, ते वितळून त्यांची वाफ होते, आणि काही सेकंदांत उजेड भरत जाऊन रंग पांढरा होतो. आर्कमध्ये शिरलेले क्षारांचे रेणू फुटतात. सुटे झालेले सोडियमचे अणू ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा (तिच्यावरून प्रकाशाचा रंग ठरतो) पिवळा प्रकाश देतात आणि स्कँडियम निळ्यापासून लालपर्यंत असंख्य रेषांनी, म्हणजे ठरावीक तरंगलांबींच्या प्रकाशांनी, उरलेला पट्टा भरून काढतं. आर्कच्या कडेला, जरा थंड भागात, हेच अणू पुन्हा आयोडीनला जाऊन मिळतात आणि चक्र चालू राहतं. रस्त्यावरचे मोठे मेटल हॅलाइड दिवे याच तत्त्वावर चालतात, पण ते पूर्ण उजळायला काही मिनिटं घेतात. गाडीला तेवढा वेळ नसतो. म्हणून सुरुवातीचे क्षण सांभाळून न्यायला इथे झेनॉन घातला. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये हे दिवे आले तेव्हा खरी कमाल हीच होती.

सोडियम-स्कँडियमच्या या मिश्रणाचा रंग येतो ४१०० ते ४३०० केल्विन, म्हणून कंपनीने बसवलेले झेनॉन तेवढ्याचे असतात. आठ हजारचा रंग हवा तर मिश्रण बदलावं लागतं. सोडियमचा वाटा कमी करायचा आणि निळा प्रकाश देणारं काहीतरी, उदाहरणार्थ इंडियम आयोडाइड, घालायचं. इंडियमची ठळक रेषा ४५१ नॅनोमीटरला आहे. आता आपल्या डोळ्याकडे या. उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्याला सर्वांत संवेदनशील असतात. ती संवेदनशीलता १०० धरली, तर सोडियमच्या पिवळ्याला ती ७७च्या आसपास आणि इंडियमच्या निळ्याला जेमतेम ४. बॅटरीतून वीज तेवढीच जाते, पण तिचं सोडियमच्या पिवळ्याऐवजी इंडियमचं निळं झालं की डोळ्याच्या हिशेबी ते जवळजवळ वीसपट फिकं!

अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी ५०७ नॅनोमीटरला जास्त संवेदनशील असतात, मग निळा बरा नाही का, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण समोरचा खड्डा आपण नजरेच्या मध्यभागाने बघतो आणि तिथे शंकुपेशीच असतात. कडेच्या नजरेला जो फायदा व्हायचा तो ४३००च्या पांढऱ्यातही मिळतो. शिवाय वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं.

मग ‘महागडी गाडी म्हणजे निळा दिवा’ हा समज आला कुठून? त्या गाड्यांच्या प्रोजेक्टरच्या, म्हणजे भिंग बसवलेल्या हेडलाइटच्या, भिंगातून. डिपरच्या उजेडाची वरची कड भिंगामुळे प्रिझमसारखी रंगांत फुटते, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात क्षणभर निळा-जांभळा झोत जातो. चालकाला रस्ता मात्र पांढराच दिसत असतो.

पिवळा प्रकाश धुकं भेदतो, हाही असाच वर्षानुवर्षं चालत आलेला समज. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा आंबोलीत धुक्याने वेढलं, तर कामी येतो तो खाली बसवलेला आणि जमिनीलगत पसरणारा झोत. निळा दिवा तिथे डोळ्यांना जास्त टोचतो, एवढं मात्र खरं.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. आपल्याकडे बाजारात सुटं मिळणारं झेनॉनचं किट बहुतेक वेळा एच-४ प्रकारच्या हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या आरशात) घातलं जातं. एच-४मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, म्हणून झोत वर जात नाही. झेनॉनचा आर्क आकाराने वेगळा, जागेने वेगळा आणि दुपटीने प्रखर. रिफ्लेक्टरचा सगळा हिशेब चुकतो आणि समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. युरोपीय नियमांत डिपरला २००० ल्युमेनहून प्रखर दिवा लावायचा तर झोताची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि हेडलाइट धुणारे फवारे बंधनकारक आहेत, ते याचसाठी. सुट्या किटमध्ये यातलं काहीही नसतं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना आडकाठी करतं.

ज्यांच्या गाडीत कंपनीचाच झेनॉन आहे, त्यांनी बल्ब बदलताना ४३००चाच घ्यावा, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, कारण वापरलेल्या बल्बचा रंग हळूहळू सरकलेला असतो. हॅलोजनवाल्यांनी किटच्या आधी वायरिंग तपासावं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. बारीक वायर आणि गंजलेलं अर्थिंग यांत व्होल्टेज १० टक्के पडलं, तर उजेड ३० टक्के जातो. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन जाड वायर आणि रिले (दिव्याला थेट बॅटरीतून वीज देणारा स्विच) टाकून तो परत मिळवून देतो. पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्यावी आणि शेवटी भिंतीवर झोत टाकून फोकस लावून घ्यावा.